साताऱ्याचे मंत्री, मुंबईचं सरकार

1 एप्रिल 1937. त्या दिवशी काँग्रेसने देशभर हरताळ पुकारला होता. कारण त्याच दिवशी 1935चा नवा कायदा प्रांतांमध्ये लागू होत होता, आणि या कायद्याने दिलेली स्वायत्तता खरी नाही असं काँग्रेसचं म्हणणं होतं. त्याच दिवशी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी या कायद्याखालच्या प्रांताच्या पहिल्या मंत्रिमंडळाला शपथ दिली. प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मुंबई प्रांताच्या या पहिल्या पंतप्रधानाचं नाव धनजीशा कूपर, आणि गाव सातारा.

आज साताऱ्यात, कराडात, किंवा कराडला लागून असलेल्या मलकापुरात कुणाला विचारलं की आपल्या जिल्ह्यातून राज्याच्या सर्वोच्च पदावर पहिलं कोण गेलं, तर उत्तर येतं यशवंतराव चव्हाण. ते स्वाभाविकही आहे. यशवंतराव कराडचे, मलकापूर त्यांच्या पायाखालचं. पण त्यांच्याआधी एकोणीस वर्षं या जिल्ह्याचा एक माणूस त्याच खुर्चीवर साडेतीन महिने बसला होता, आणि त्याच्याही आधी याच जिल्ह्याने निवडून दिलेला दुसरा एक माणूस दोनदा मंत्री झाला होता. ही माणसं विस्मरणात गेली ती कर्तृत्वाने लहान होती म्हणून नव्हे. ज्या सरकारांत ती बसली, त्या सरकारांना गावात मुळंच नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत साताऱ्याच्या माणसांना सत्ता कशी मिळाली, ती किती खरी होती आणि ती आपल्या हातात नाही हे त्यांना कधी उमगलं, हे या मंत्र्यांच्या कहाणीतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कशातून दिसत असेल.

त्या काळचं मलकापूर डोळ्यांसमोर आणायचं तर आजचा हमरस्ता, रुग्णालयं आणि अपार्टमेंट पुसून टाकावी लागतील. राहतो तो आगाशिवाचा डोंगर, त्याच्या कड्यात कोरलेली बौद्ध लेणी, खाली ज्वारी-भुईमुगाची रानं, विहिरीवरचा थोडाफार ऊस, आणि पलीकडे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड. बाजार कराडचा, कोर्ट कराडचं, मामलेदार कचेरी कराडची. गावाला सरकार दिसायचं ते तलाठ्याच्या दप्तरात, शेतसाऱ्याच्या पावतीत, जंगलखात्याच्या गार्डात आणि फौजदाराच्या टोपीत. जंगलखातं सोडलं तर यांतलं एकही खातं 1937पर्यंत कुठल्या निवडून आलेल्या मंत्र्याच्या हाताखाली नव्हतं. सगळी गोष्ट इथून सुरू होते.

1919च्या कायद्याने प्रांतांत आणलेली राज्यपद्धत द्विदल म्हणून ओळखली जाते. सरकारी खात्यांचे दोन वाटे केले गेले. पोलीस, न्याय, शेतसारा, पाटबंधारे, तिजोरी ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली, आणि ते मंडळ विधिमंडळाला जबाबदार नव्हतं. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, अबकारी ही सोपीव खाती मंत्र्यांकडे आली. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची आणि शाळेला पैसा द्यायचा की नाही हे ठरवणार दुसराच. शेतीखातं मंत्र्याचं, पण शेतकऱ्याच्या मानेवरचा सारा त्याच्या कक्षेबाहेर. इतक्या विचारपूर्वक केलेली दुर्बलता सरकारी कायद्यांत फार थोड्या ठिकाणी सापडते.

मुंबईत 1921 साली पहिले तीन मंत्री झाले: रँग्लर रघुनाथराव परांजपे, चुनीलाल मेहता आणि सिंधचे गुलाम हुसेन हिदायतुल्ला. कराचीपासून कारवारपर्यंत पसरलेला हा इलाखा. मराठी, गुजराती, कानडी, सिंधी असे चार भाषांचे प्रदेश त्यात एकत्र बांधलेले. परांजपे शिक्षणमंत्री झाले. 1923चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. या कायद्याने गावच्या शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या स्वाधीन झाल्या, आणि सक्तीचं शिक्षण सुरू करण्याची मुभाही त्या संस्थांना मिळाली. पैशाचं काय, हा प्रश्न मात्र कायद्यातच अर्धवट राहिला.

त्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारी देखरेखीखालचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असं त्या ठरावात म्हटलं होतं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे हाच ठराव उभा होता. बोले ब्राह्मणेतर पक्षाचे. त्या वेळच्या कौन्सिलांना नुसती बोलघेवडी मंडळं म्हणणं हा अन्याय आहे असं मला वाटतं, ते या एका ठरावामुळे. पण त्याची अंमलबजावणी पुन्हा ज्या त्या लोकल बोर्डाच्या मर्जीवर राहिली, आणि ही मर्जी कुणाच्या बाजूची होती ते 1927 साली महाडला दिसलं.

सातारा या सगळ्यात कुठे होता? अगदी मध्यभागी. 1919 नंतर दोन-तीन वर्षं सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी रान पेटवलं होतं. तमाशाच्या बाजाने रंगणारे हे जलसे भटजी-सावकारांविरुद्ध लोकांना उभं करत होते आणि खंडकरी कुळं जमीनमालकांना नकार देऊ लागली होती. सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांचं मूळ घराणं याच जिल्ह्यातल्या कटगुणचं. कराड तालुक्यातल्या काले गावी 1919च्या विजयादशमीला, 4 ऑक्टोबर रोजी, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मलकापूरहून काले म्हणजे दक्षिणेला हाकेच्या अंतरावर. कायदेमंडळात मराठे आणि तत्सम जातींसाठी राखून ठेवलेल्या सात जागांचा कागदी अर्थ काय असेल तो असो, कराडच्या परिसरात त्यामागे एक जिवंत चळवळ होती.

या चळवळीतून मंत्रिपदापर्यंत गेलेला पहिला माणूस म्हणजे भास्करराव विठोजीराव जाधव. जन्म 1867चा, एम.ए., एल.एल.बी. त्या पिढीच्या मराठा समाजात एवढं शिक्षण घेतलेली माणसं बोटांवर मोजावी इतकीच होती. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत घेतलं. 1911 साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज नव्याने उभा राहिला तेव्हा अध्यक्ष भास्करराव होते. महाराज 1922च्या मे महिन्यात गेले. पुढच्याच वर्षी भास्करराव सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या कौन्सिलवर निवडून आले, आणि 1924 साली शिक्षणमंत्री झाले. 1926पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं. नंतर 1928 ते 1930 पुन्हा मंत्री, या वेळी शेतीखात्याचे.

भास्कररावांविषयी लिहिताना काँग्रेसच्या इतिहासकारांची लेखणी कठोर होते. सरकारशी सहकार केला, कौन्सिलात बसले, सायमन कमिशनच्या काळातही मंत्रिपद सोडलं नाही, असे आरोप आहेत, आणि त्यांतले खोटे म्हणावेत असे फार नाहीत. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा दिसतो. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा स्वराज्याला विरोध नव्हता. स्वराज्य येईल तेव्हा ते कुणाच्या हातात येईल, ही त्यांची भीती होती. खेड्यातल्या मुलाला आधी शाळा, मग नोकरी, मग बोर्डात जागा. या क्रमाने त्यांना जायचं होतं, आणि सोपीव खात्यांतलं शिक्षणखातं त्यांना या वाटेची पहिली पायरी वाटत होतं. 1923चा शिक्षणकायदा प्रत्यक्षात आणायची वेळ भास्कररावांवर आली. शाळा बोर्डांकडे आल्या. बोर्डांत ब्राह्मणेतरांचं बहुमत होऊ लागलं. शिक्षकांच्या नेमणुका, शाळांची जागा, वर्गातली बसण्याची व्यवस्था हे विषय पहिल्यांदा गावच्या राजकारणात आले. हा बदल लहान नव्हता.

त्याची मर्यादा कुठे होती ते 1928 साली दिसलं. भास्करराव शेतीखात्याचे मंत्री, आणि त्याच वर्षी गुजरातेत बारडोलीच्या शेतकऱ्यांनी साऱ्याच्या वाढीविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी जप्त झाल्या, म्हशी लिलावात गेल्या. इलाख्याच्या शेतीमंत्र्याला या प्रश्नात अधिकार शून्य, कारण शेतसारा राखीव. हा प्रश्न अखेर गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं सरकार आणि वल्लभभाई यांच्यात सुटला. इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा झगडा शेतीमंत्र्याला वगळून झाला, ही गोष्ट साताऱ्याच्या तरुण कार्यकर्त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिली नसेल. याच सुमाराला केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर नेते काँग्रेसकडे वळू लागले होते. 1930च्या जंगल सत्याग्रहात शिराळ्याजवळच्या बिळाशीत पोलिसांच्या गोळीला लोक बळी पडले. गोळी ज्यांना लागली ते सत्यशोधक जलसे ऐकून वाढलेलेच शेतकरी होते.

मतदार किती होते हेही पाहायला हवं. 1920च्या निवडणुकीत ग्रामीण भागात मताचा अधिकार होता तो साधारण 32 रुपये शेतसारा भरणाऱ्याला. आगाशिवाच्या पायथ्याशी दोन-चार एकर कसणारा कुणबी यात कुठेच बसत नव्हता. 1921 साली मुंबई कौन्सिलने बायकांना मताचा हक्क दिला, पण शेतसाऱ्याची तीच अट पुरी करू शकणारी बाई गावात सापडणार कुठून? म्हणजे भास्करराव ज्यांच्यासाठी मंत्री झाले, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना मत दिलेलं नव्हतं. ते देऊच शकत नव्हते.

आता धनजीशा कूपर. हा माणूस भास्कररावांपेक्षा पूर्ण वेगळ्या मातीचा. पारशी, उद्योगी, व्यवहारी, जिल्ह्याच्या राजकारणाची नाडी हातात असलेला. सातारा नगरपालिका, जिल्हा लोकल बोर्ड या संस्थांवर त्यांचा मोठा प्रभाव होता. सातारा रोडजवळच्या पाडळीत त्यांनी 1922 साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. पुढे तिथे डिझेल इंजिनंही बनू लागली. किर्लोस्करवाडीचा नांगर तोवर दक्षिण महाराष्ट्रात घरोघर पोचला होता. त्या नांगराची विक्री करत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील पुढे कूपरांच्या कारखान्याशी जोडले गेले. शेतकऱ्याचा विश्वास कसा मिळवायचा हे भाऊरावांना ठाऊक होतं, आणि भांडवल कसं उभं करायचं हे कूपरांना. ही जोडी टिकली नाही. रयत शिक्षण संस्थेला ठरलेली मदत मिळाली नाही ही भाऊरावांची तक्रार होती, आणि त्यांचा संताप साताऱ्याच्या लोकस्मृतीत अजून ऐकायला मिळतो. एकीकडे गावागावांत शाळेसाठी झोळी फिरवणारा माणूस, दुसरीकडे बोर्ड आणि कारखाना दोन्ही सांभाळणारा. 1920 आणि 1930च्या दशकांतल्या सातारा जिल्ह्याचं राजकारण बरंचसं या दोन माणसांच्या अंतरात सामावलेलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

कूपर ब्राह्मणेतर पक्षाचे. पारशी माणूस ब्राह्मणेतर पक्षात कसा, असा प्रश्न आज पडतो. पण त्या पक्षात जैन, लिंगायत, मराठा, पारशी असे अनेक होते. पक्षाची ओळख जातीपेक्षा बोर्डांच्या आणि कौन्सिलच्या राजकारणाने ठरत होती. द्विदल राजवटीच्या अखेरच्या वर्षांत कूपर मुंबई सरकारात पोचले होते. सरकारी कामाची त्यांना सवय होती, गव्हर्नरला त्यांची ओळख होती.

1937च्या निवडणुकीत मतदारांची संख्या एकदम वाढली. ग्रामीण मताची अट 32 वरून 8 रुपयांच्या साऱ्यावर आली. पाच वर्षांच्या मंदीने शेतमालाचे भाव पडलेले, सावकाराचं देणं वाढलेलं, सारा मात्र तेवढाच. अशा वेळी पहिल्यांदाच मतपेटीसमोर आलेल्या शेतकऱ्याला काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाने काहीतरी सांगितलं होतं. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या एका खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन. त्यात साऱ्यात सूट, कर्जातून सुटका आणि कुळांचे हक्क हे विषय ठळकपणे आले.

सातारा जिल्ह्यात काँग्रेसची उमेदवारी कुणाला द्यायची यावरून जो वाद झाला तो मला या सगळ्या काळातला कळीचा प्रसंग वाटतो. जिल्ह्याची काँग्रेस तोवर वकील, शहरी, सुशिक्षित मंडळींच्या हातात होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. 26 जानेवारी 1932 रोजी कराडच्या टिळक हायस्कूलवर तिरंगा फडकवला म्हणून त्यांनी अठरा महिन्यांची शिक्षा भोगली होती. त्यांचे थोरले बंधू गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीतले. म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच घरात होते. यशवंतरावांनी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी हट्ट धरला की एक तरी जागा खेड्यातल्या शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, आणि नाव पुढे केलं बोरगावच्या आत्माराम पाटलांचं. जिल्ह्यातल्या ज्येष्ठांना हे पटवणं सोपं नव्हतं. अखेर उमेदवारी मिळाली, आणि आत्मारामबापू निवडूनही आले. यशवंतरावांनी हा प्रसंग ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. ब्राह्मणेतर पक्षाने पंधरा वर्षं जी मागणी केली, ती काँग्रेसच्याच आत, कराडच्या काही पोरांनी, काँग्रेसकडून मान्य करून घेतली. साताऱ्यात कूपरांच्या राजकारणाचा पाया इथे खचला.

मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 86 काँग्रेसला मिळाल्या. बहुमताला अगदी थोडं कमी. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला 14, मुस्लिम लीगला 20च्या आसपास, ब्राह्मणेतर पक्षाला बोटांवर मोजण्याइतक्या. कूपर स्वतः साताऱ्यातून आले. काँग्रेसने अट घातली की गव्हर्नरांनी आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही असं आश्वासन द्यावं. गव्हर्नरने ते दिलं नाही. काँग्रेस बाहेर राहिली, आणि कायद्याने मंत्रिमंडळ तर हवंच होतं. ब्रेबोर्न यांनी कूपरांना बोलावलं.

चार जणांचं मंत्रिमंडळ. कूपर पंतप्रधान आणि गृहखात्याचे प्रमुख. जमनादास मेहता महसूल आणि अर्थखात्याचे. सिद्दप्पा कांबळी हुबळीचे, ब्राह्मणेतर पक्षाचे, द्विदल राजवटीतही मंत्री राहिलेले. हुसेनअली रहिमतुल्ला मुंबईचे. यांतले जमनादास मेहता हे सर्वांत अनपेक्षित नाव. टिळकांच्या परंपरेतला, कामगारांत काम केलेला, केंद्रीय कायदेमंडळात सरकारशी दोन हात केलेला माणूस गव्हर्नरने बोलावलेल्या मंत्रिमंडळात कसा गेला, यावर त्या वेळी बरंच लिहिलं गेलं. त्यांच्या बाजूचा मुद्दा असा की घटना राबवायची असेल तर ती कुणीतरी राबवली पाहिजे, आणि महसूल व अर्थ ही दोन्ही खाती भारतीय मंत्र्याच्या हातात प्रथमच येत होती. तो मुद्दा पूर्ण फेटाळण्यासारखा नाही. ज्या महसूलखात्यावाचून भास्कररावांच्या शेतीखात्याला अर्थ नव्हता, ते आता मंत्र्याकडे आलं होतं. पण ज्या मंत्र्याकडे ते आलं, त्याच्यामागे विधानसभेतले मोजकेच सभासद होते.

आणि या साडेतीन महिन्यांत विधानसभा भरलीच नाही. भरली असती तर पहिल्याच मतदानात मंत्रिमंडळ पडलं असतं. म्हणजे नव्या कायद्याखाली निवडून आलेलं पहिलं सभागृह रिकामं, आणि सरकार सचिवालयात. कूपर आणि त्यांचे सहकारी अप्रामाणिक होते असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही; त्यांनी रोजचं काम केलं, फायली पाहिल्या. पण सभागृहाला तोंड न देता चाललेलं मंत्रिमंडळ किती काळ टिकणार? मलकापूरच्या शेतकऱ्याच्या पावतीवर या बदलाने एक पैसाही कमी झाला नाही. जिल्ह्याचा माणूस पंतप्रधान झाला, आणि जिल्ह्यात त्याचा आनंद झाला असेल तर तो फार थोड्या घरांत झाला असेल. याचं मला वाईट वाटतं. कारण कारखाना काढणारा, यंत्रं बनवणारा, बोर्ड चालवणारा कर्तबगार माणूस चुकीच्या क्षणी चुकीच्या दाराने आत गेला.

21 जूनच्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी काँग्रेसला पुरेसं वाटेल असं निवेदन केलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिपदं स्वीकारायचा निर्णय घेतला. 19 जुलैला कूपर मंत्रिमंडळ गेलं, आणि बाळ गंगाधर खेर पंतप्रधान झाले. मुंबईच्या काँग्रेसमध्ये तेव्हा वीर नरीमन यांचं नाव पुढे होतं. ते डावललं गेल्याचा वाद पुढे बराच काळ चालला, गांधीजींना आणि कायदेपंडित बहादुरजींना चौकशी करावी लागली. पण साताऱ्याच्या दृष्टीने मुद्दा दुसराच होता. खेरांनी ज्यांना घेतलं त्यांत अर्थखात्यावर अण्णासाहेब लठ्ठे आले. कुरुंदवाडचे, जैन, कोल्हापूरचे माजी दिवाण, शाहू महाराजांचे चरित्रकार. भास्कररावांच्याच वर्तुळातला, त्याच कोल्हापुरातून घडलेला माणूस आता काँग्रेसच्या मंत्रिमंडळात तिजोरीच्या किल्ल्या सांभाळत होता. महसूल मोरारजी देसाईंकडे, गृह कन्हैयालाल मुन्शींकडे, आरोग्य आणि अबकारी डॉ. गिल्डर यांच्याकडे, स्थानिक स्वराज्य लक्ष्मण माधव पाटलांकडे, बांधकाम नूरींकडे.

मंत्र्यांचा पगार दरमहा पाचशे रुपये ठरला. द्विदलाच्या काळात हे आकडे हजारांत होते. डॉ. आंबेडकरांनी या विधेयकावर सभागृहात टीका केली. मंत्र्याचा पगार केवळ त्यागाच्या भावनेने ठरवू नये असा त्यांचा रोख होता. त्यांच्या मुद्द्याला वजन होतं, पण पाचशेचा आकडा गावात पोचला आणि गावाने तो लक्षात ठेवला.

खेर सरकारने दोन वर्षांत केलेल्या कामाचा सगळा हिशेब इथे मांडत नाही. कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा, कुळकायदा, मंदिरप्रवेशाचा कायदा, जप्त जमिनी परत करणं, मुंबईत 1 ऑगस्ट 1939 पासून दारूबंदी आणि तिची तूट भरून काढण्यासाठी लठ्ठ्यांनी शहरांतल्या इमारतींवर बसवलेला कर, हे सगळं त्यात येतं. चुकाही झाल्या. 1938च्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाने संपाच्या हक्काला लगाम घातला. 7 नोव्हेंबरला आंबेडकरांच्या पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत संप पुकारला, गोळीबार झाला. त्या विरोधात जमनादास मेहताही होते, म्हणजे वर्षभरापूर्वीचे अर्थमंत्री.

साताऱ्याला जे सर्वांत जवळचं मिळालं ते मात्र कायदा नव्हता, ती एक साधी योजना होती. सरकारने खेड्यांत लोकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या व्हॉलंटरी शाळांना मदत द्यायचं ठरवलं. भाऊराव पाटील यासाठी जणू वीस वर्षं तयारीच करत होते. 1938 साली साताऱ्याजवळ यवतेश्वरला रयतची पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू झाली, आणि पुढच्या काळात अशा शाळांचा आकडा पाचशेच्या वर गेला. डोंगरकपारीतल्या वस्त्यांत, चावडीवर, देवळाच्या ओवरीत वर्ग भरू लागले. 1924 साली शिक्षणमंत्री म्हणून भास्कररावांना ज्याची आस होती ते 1938 साली दुसऱ्याच पक्षाच्या सरकारने सुरू केलं, आणि केलं ते सत्यशोधक परंपरेतल्या माणसाच्या हातून. पक्षांची भांडणं बाजूला ठेवून पाहिलं तर दोन काळांना जोडणारा धागा मला इथे दिसतो.

शेजारी औंध संस्थानात त्याच वेळी वेगळंच काही घडत होतं. कराड हे औंधच्या राजघराण्याचं, म्हणजे प्रतिनिधींचं जुनं ठाणं. पण 1930च्या दशकात त्यांचं राज्य औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांत, 72 गावांत उरलं होतं. राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेकडे सोपवण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली, पंचायतींवर उभं असलेलं सरकार 21 जानेवारी 1939 पासून अंमलात आलं आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत पंतप्रधान झाले. मुंबईत गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून भांडण झालं होतं; इथे राजाने स्वतःहून अधिकार सोडले. त्या प्रयोगाचं आयुष्य थोडं होतं आणि प्रदेशही लहान. पण कुंडल त्यात होतं, आणि हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेरांचं मंत्रिमंडळ नोव्हेंबरमध्ये गेलं आणि प्रांत पुन्हा गव्हर्नरच्या हातात गेला. पण आता फरक पडला होता. दोन वर्षं गावाने पाहिलं होतं की महसूलमंत्री, गृहमंत्री आपल्यातले असू शकतात. एकदा पाहिलेली गोष्ट न पाहिल्यासारखी करता येत नाही. 24 ऑगस्ट 1942 रोजी कराडच्या मामलेदार कचेरीवर बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या गावांतून मोठा मोर्चा आला. सप्टेंबरमध्ये वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली.

त्यानंतर जे उभं राहिलं ते प्रतिसरकार. नाना पाटील त्याचे नेते, कुंडलचे जी. डी. लाड तूफान सेनेचे सेनापती. गावोगाव न्यायदान मंडळं, दरोडेखोरांचा बंदोबस्त, सावकाराकडून गहाण जमिनी सोडवणं, हुंडा आणि दारूवर बंदी, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं. भास्कररावांना न मिळालेली राखीव खाती, म्हणजे न्याय, पोलीस आणि जमीन, हीच या सरकारने आधी हातात घेतली. गव्हर्नरच्या शपथेची त्याला गरज नव्हती आणि विधानसभा त्याला घाबरवू शकत नव्हती. त्याची सभा गावच्या चावडीत रात्री भरत होती. संस्थानी कुंडलमध्ये आणि औंधच्या आसपासच्या भागात भूमिगतांना आसरा मिळाला. इंग्रज पोलिसांना संस्थानच्या सीमेवर थांबावं लागे, हा प्रतिनिधींच्या विखुरलेल्या राज्याचा अनपेक्षित उपयोग झाला.

1946च्या निवडणुकीनंतर खेर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि त्यांचे संसदीय सचिव म्हणून साताऱ्यातून निवडून आलेले यशवंतराव चव्हाण आले. त्यांच्या टेबलावर आलेल्या प्रश्नांत साताऱ्याचे भूमिगत, त्यांच्यावरची वॉरंटं आणि जप्त्या यांचाही प्रश्न होता. ती वॉरंटं मागे घेतली गेली आणि नाना पाटलांसह भूमिगत कार्यकर्ते चार वर्षांनी दिवसाढवळ्या आपल्या गावी परतले.